गायरानातली फक्कीची वर्तुळं

मी आकाशवेडी वगैरे नाही. जालन्यात मस्तगडला आमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे आणि मागे गोदाम. शहरातल्या तारे बघणाऱ्या मंडळाची मोठी दुर्बीण कुणाच्याच जिन्यातून वर जाईना, म्हणून ती माझ्या गोदामात आली. किल्ली माझ्याकडे, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला मी हजर. पुढे मंडळाची सचिवही झाले, कारण फोन करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

दुर्बीण बनवली होती भूगोलाच्या एका निवृत्त सरांनी. आरसासुद्धा स्वतःच्या हातांनी घासलेला. पण स्टीलच्या कारखान्यांचा उजेड आणि रस्त्यावरचे दिवे (त्यातले काही माझ्याच दुकानातून गेलेले) मिळून सरांच्या गच्चीवरून आता मोजकेच तारे दिसतात. सरांना एक सार्वजनिक जागा हवी होती. दुर्बिणी ठेवायला सिमेंटचे ओटे, कमरेइतकी भिंत, कुणीही यावं, बघावं, आणि दिवा एकही नसावा. त्यासाठी त्यांनी बरीच गावं पालथी घातली. शेवटी तीर्थपुरीच्या पुढच्या एका गावाचं टेकडीआडचं गायरान त्यांच्या मनात भरलं. अडचण अशी की त्याच तुकड्यावर गावातल्या काहींना लग्नाचं लॉन करायचं होतं. लॉन आलं की झगमगाट आला आणि सरांची जागा गेली. तहसीलचं काम पुढचं, आधी ग्रामसभेचा होकार हवा होता.

सरपंचबाई माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "ताई, आधी लोकायला दाखवा काय ते. बघितल्याबिगर कोण हो म्हणंल?"

सरांनी दिवस काढला तो संक्रांतीनंतरच्या अमावस्येचा.

मी म्हटलं, "सर, अमावस्येला गायरानात कुणी येणार नाही."

"त्या दिवशी चंद्र नसतो. आकाश सगळ्यात काळं मिळतं."

"आकाश मिळेल हो. माणसं मिळणार नाहीत."

"म्हणजे आपणही अंधश्रद्धा पाळायची?"

मंडळात हात वर करून मत घेतलं. मी एकटी पडले.

दिवस असतानाच आम्ही पोचलो. दुर्बिणीचे पाय हलू नयेत म्हणून लहान खड्डे घेतले. अंधारात कुणी धडकू नये म्हणून भोवती पांढऱ्या फक्कीची वर्तुळं आखली. डोळे दिपू नयेत म्हणून बॅटऱ्यांना लाल कागद गुंडाळले. आकाश खरोखरच चांगलं होतं. गावातून कुणीही आलं नाही. आम्हीच आळीपाळीने बघितलं आणि परत आलो.

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं तोच सरपंचबाईंचा फोन.

"ताई, काल काय करून राह्यल्ते तुम्ही गायरानात?"

"तारे बघत होतो. तुम्हाला माहीत आहे."

"मला ठाव हाय हो. पण गुराख्यानं खड्डे बघितले, फक्कीचे गोल बघितले. अन् रातच्याला लाल उजेड बी दिसला. सगळं गाव म्हणतंय, जालन्याचे लोक गुप्तधन काढायला आल्ते."

"अहो, खड्डे वीतभरसुद्धा नाहीत."

"तेच तर! म्हणत्यात, धन वरच व्हतं, जल्दी सापडलं."

लॉनवाल्यांचं काम आयतंच झालं. सर म्हणाले, आपण अंधश्रद्धेवर व्याख्यान ठेवू. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे आहे, आता दिवस मी काढणार.

मी शुद्ध अष्टमी धरली. अर्धा चंद्र दुपारपासूनच वर असतो. ठिकाण गावातला चौक, चहाच्या टपरीसमोर, शाळा सुटायच्या वेळी. मंडळातले लोक कुरकुरले, उजेडात काय दाखवणार, चंद्र? मी म्हटलं, हो, चंद्रच.

रांग टपरीच्या मागपर्यंत गेली. एका आजींनी डोळा लावला आणि ओरडल्या, "अगं बया, ह्याला तर देवी येऊन गेल्त्या! तोंडभर वण हायेत."

मागून आवाज आला, "आजे, सरक की आता. तुझं लगीन लावायचं न्हाई त्याच्यासंग."

टपरीवाल्याने सरांना विचारलं, "सर, गुप्तधन ह्याच्यातूनच दिसतं का?" सरांचा चेहरा आधी लाल झाला. मग ते म्हणाले, "दिसलं तर पहिले तुम्हालाच सांगतो." चौक हसला, आणि गुप्तधनाची गोष्ट तिथे जवळजवळ संपली.

ग्रामसभेत लॉनवाल्यांचा एक जण उठला. "ताऱ्याचं काय भाडं येतं का गावाला?"

सरपंचबाई म्हणाल्या, "अन् लॉनला वऱ्हाडाच्या गाड्या कुठून येतील? तेवढा रस्ता तुझा सासरा करून देणार का?"

जागा ताऱ्यांसाठी द्यायची असं ठरलं. अट एकच घातली. अमावस्येला ही जागा बंद. त्या दिवशी गायरानात कुणीच पाय ठेवायचा नाही, जालन्याच्या मंडळानेही नाही.

सर उठायला लागले. सगळ्यात काळी रात्रच जात होती आणि ते आता वाद घालणार हे मला दिसत होतं. मी त्यांच्या आधी उभी राहिले आणि "मान्य आहे" म्हणून मोकळी झाले.

परत येताना तीर्थपुरी मागे पडली. सर म्हणाले, "मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. अमावस्येच्या आदल्या चतुर्दशीला चंद्र कधी उगवतो?"

"पहाटे. जेमतेम कोर."

"आणि प्रतिपदेला?"

"सूर्यामागोमाग मावळतो."

"मग अडलं कुठे?"

तेवढ्याने सरांचं समाधान झालं नव्हतं आणि मी ते करायलाही गेले नाही. मग ते म्हणाले, ओटे उत्तरेच्या अंगाला नकोत, तिकडे टेकडी आडवी येते.