तात्यांची कवळी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, आणि हे घडल्यावरही नाही... बारामतीत चौदा वर्षं नर्स आहे, त्यातली दहा ऑपरेशन थिएटरात गेली. कमेंटमध्ये ज्ञान पाजळणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं.

गेल्या उन्हाळ्यात लासुर्ण्याचे एक तात्या भरदुपारी आमच्याकडे ॲडमिट झाले. फुप्फुसं जुनीच खराब, धाप इतकी की एकेका शब्दावर थांबायचे. तरी मुलाला दटावलंच – "घशात... नळी... घालायची... न्हाय."

त्यांची सून सुनंदाताई कपडे आणायला गावी निघाली होती. मी सवयीने तिला म्हटलं, "अंगठी, करदोटा, कवळी, सगळं काढून घरी न्या." ऑपरेशनआधी आम्ही हेच सांगतो. तिने सगळं पिशवीत भरून नेलं.

ऑक्सिजन, वाफारा देऊन झालं, गुण नाही. अडीचला मशीनचा मास्क लावला. ते मशीन दाबाने हवा आत ढकलतं, नळी टाळायचा तेवढाच मार्ग. पण कवळी नाही, गालांचे खड्डे पडलेले... मास्क बसेचना. बाजूने हवा सुटत होती, अलार्म थांबत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "तासभर बघू. नाही तर नळी."

मी दोन्ही हातांनी मास्क दाबून उभी राहिले. हवा का सुटतेय ते मला कळलं होतं. पण सगळ्यांना सांगितलं, मास्कचा साइज चुकलाय. लाज वाटली, दुसरं काय!

साडेतीनला सुनंदाताई धापा टाकत आली, हातात डबी.

"घ्या, आनली कवळी."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आता गं बया! तुमीच न्हाय का दोनला फोन केला?"

कवळी बसवली, मास्क घट्ट बसला, अलार्म गप्प झाला. संध्याकाळपर्यंत तात्यांची धाप उतरली. नळी लागली नाही.

तिच्या मोबाइलमध्ये दुपारचा एकही कॉल नव्हता. माझ्याकडे तिचा नंबरच नव्हता. आणि दोनला तर मास्क लावलासुद्धा नव्हता! तात्यांची वारलेली बायको, टेलिपथी... स्टाफने खूप तर्क लढवले. मला एकही पटत नाही, आणि मी पटवून घेणारही नाही.

फक्त तिला एवढं विचारलं, फोनवर मी नेमकं काय म्हणाले?

"'ताई, माझं चुकलं, कवळी घेऊन या', असं म्हनाला की तुमी."

तो आवाज कुणाचा, आजही माहीत नाही. पण चूक माझीच होती – आणि हे मी स्वतःच्या तोंडाने आज पहिल्यांदा सांगतेय.