दोन-दोन वस्तूंचे मावसाजी

जगात कोणतीही वस्तू एकुलती एक असू नये, या मताचा आमच्या मावसाजींइतका कट्टर माणूस मी पाहिला नाही. देवाने जन्म एकच दिला, ही त्यांची देवाबद्दलची मुख्य तक्रार असावी. वीजखात्यात लाइनमन म्हणून हयात खांबांवर काढल्यामुळे त्यांचा विजेवर काडीचा विश्वास नव्हता, आणि पुढे तो अविश्वास सगळ्या सृष्टीवर पसरला. वडनेर भोलजीच्या त्यांच्या घरात दोन कंदील, दोन अडकित्ते, दोन छत्र्या. कोणाच्या लग्नाला निघाले की पिशवीत चपलांचा दुसरा जोड. चष्मेही दोन, एक त्यांच्या नाकावर आणि दुसरा नांदुऱ्याला आमच्या घरच्या कोनाड्यात. "मावसाजी, हा इथे कशाला?" असं विचारलं की ते माझी कीव केल्यासारखं पाहत. "अन् हा फुटला तं?"

निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो मात्र एकच, कारण दुसरा आणला तर माहेरी जाईन, असं मावशीने बजावलं होतं. मग त्यांनी घरातले सगळे जुने फोटो त्यात उतरवले आणि त्यांच्या सीड्या काढून शेतातल्या खोपीत नेऊन ठेवल्या. "घराले आग लागली तं?" त्या फोटोंत मावशीच्या धाकट्या भावाचाही एक होता. तो बिचारा ऐन तरुणपणी गेला. त्याचा तेवढा एकच फोटो, तोही ओल लागून पार गेला. पण जायच्या आत मावसाजींनी तो कॉम्प्युटरमध्ये घेतला होता. मावशी रोज दुपारी पदराला हात पुसत येई नि म्हणे, "दाखवा जी त्याले."

एका दसऱ्याला मी तिकडे गेलो असताना ती हार्ड डिस्क बसली. खामगावच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. मावसाजी मात्र नवी डिस्क घालून खुशीत परतले. जन्मभराची शंका एकदाची खरी ठरल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"काऊन रडून राह्यली?" ते म्हणाले. "खोपीतल्या सीड्या आणतो अन् समदं वापस भरतो."

मावशी मटकन खाली बसली. "त्या चकत्या? अवं माय! त्या तं म्या ज्वारीत बांधल्या. पाखरं कणसं खाऊन राह्यले होते!"

आम्ही शेतात धावलो. ज्वारीच्या धाटाधाटाला आमचं अख्खं खानदान लटकलेलं, वाऱ्यावर गरगर फिरत होतं. उन्हाने आणि धुळीने सीड्यांची रया गेली होती. आता मावसाजी मावशीला फाडून खाणार, असं मला वाटलं. त्यांनी एकेक दोरा सोडला, एकेक सीडी सदऱ्याला पुसली. "पाखरं तं हाकलली ना?" ते तिला म्हणाले. "मंग झालं."

घरी कॉम्प्युटर एकेक सीडी घेई, घरघरे आणि बाहेर टाकी. मावशी उंबऱ्यात हात जोडून बसली होती. अगदी शेवटची सीडी मात्र चालली. फोटो वरून खाली हळूहळू उमटला. आधी टोपी, मग भुवया, मग हसू.

"आला वं तुहा भाऊ," मावसाजी म्हणाले आणि स्वच्छ असलेला चष्मा उगाच पुसत बसले.

मावसाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. परवा दिवाळीला मावशी आली, तेव्हा कोनाड्यातला चष्मा मी तिच्या हातात दिला. म्हटलं, आता तुझ्याकडे असू दे. तिने काचा पदराने पुसल्या, काड्या मिटल्या आणि चष्मा होता तिथेच ठेवून दिला.

"त्याईचा एक हाय माह्यापाशी," ती म्हणाली. "हा अठीच राहू दे. अन् तो फुटला तं?"