येणाऱ्या यंत्राची खोली

उज्वला निफाडच्या द्राक्षबागेत वाढली, म्हणजे औषधाच्या वासातच वाढली. वडील धोंडीराम पाठीवर पंप घेऊन डावणीच्या बुरशीवर फवारायचे आणि ही पोरगी मागे मागे विचारायची, "अण्णा, हे औषध बुरशीला मारतं तरी कसं?"

"मला काय ठाव, माय? मरती तेवढं खरं."

त्या एका प्रश्नापायी तिनं रसायनशास्त्र घेतलं, डॉक्टरेट केली, नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. प्रश्न मात्र तसाच राहिला.

औषधाचा रेणू बुरशीला कसा चिकटतो, याचं गणित तिनं सहा जुने संगणक एकमेकांना जोडून लावलं होतं. वर्षभर ते चालू होतं. अर्ध्या रेणूपर्यंत जायचं आणि हात टेकायचं. ते नेमकं कुठं आणि का अडतं, एवढंच तिनं जिवाच्या आकांतानं शोधून काढलं होतं.

अशात सरकारकडून विचारणा आली. चालता चालता स्वतःच्या चुका स्वतःच सावरणारा क्वांटम संगणक संशोधनासाठी घ्यायचा विचार आहे. तसं यंत्र अजून तयार नाही, पण झाल्यावर त्यावर कोणी काम करावं? अट एकच होती. साध्या संगणकावर अडलेलं गणित दाखवा. उज्वलाला वाटलं, हे आपल्यासाठीच विचारलंय. मे अखेरीस पाहणीला अधिकारी येणार होत्या.

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब हरखून गेले. यंत्र अजून जन्माला यायचंय, आलं तरी सरकारकडेच राहणार, आपण फक्त इथून त्यावर काम करायचं, हे उज्वलानं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. दादासाहेबांच्या कानात 'यंत्र' तेवढं शिरलं. यंत्र म्हटलं की जागा आली, जागा म्हटली की मुहूर्त आला. आणि आखाजीसारखा, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त कोण सोडतो?

आखाजीला लेकी माहेरी जातात, तशी उज्वलाही निफाडला गेली होती. परतली तर प्रयोगशाळा ओळखू येईना. नव्या फरश्या, दोन एसी, मधोमध ग्रॅनाइटचा चौथरा, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि नारळ. संगणकांचा पत्ता नाही.

"सहादू, संगणक कुठायत?"

शिपाई सहादू खाली बघत म्हणाला, "दादासाहेबांनी चांदवडकडच्या एका गावच्या शाळंला दिले, म्याडम. संगणक विभागाच्या सुनील सरांनी आधी पार पुसून कोरे केले."

तिचं डोकंच फिरलं. जपून ठेवलेली दुसरी प्रतसुद्धा त्याच सहांतल्या एकावर होती. असा गाढवपणा आपण केलाच कसा, म्हणून ती स्वतःवरही चिडली. तशीच तरातरा दादासाहेबांकडे गेली.

"अहो, माझं वर्षभराचं काम होतं त्यात!"

"म्याडम, पाहुणा यायच्या आधी घर नको का आवरायला? आन् नवं मशीन आलं की तुमचं गणित चुटकीसरशी व्हतंय की." दादासाहेब मनापासून हसले. माणूस वाईट असता तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. यांनी तर गावच्या पोरांना संगणक दिले होते.

अधिकारी बाई आल्या. खोलीत इतका गारठा होता की सत्काराची शाल त्यांनी लगेच अंगावर ओढली.

"खोली छान आहे. अडलेलं गणित कुठंय?"

सगळ्यांनी उज्वलाकडे पाहिलं.

"इथंच चालू होतं. ह्या चौथऱ्याला जागा करायला पुसून टाकलं."

बाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "वाईट वाटतं, मॅडम. पण दाखवायला काहीच नसेल तर मी तरी काय लिहू? पुढच्या फेरीत बघू." पुढची फेरी कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दादासाहेब त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. उज्वलानं नारळ बाजूला सारला, आपला लॅपटॉप आणून थेट स्वस्तिकावर ठेवला.

"म्याडम, तिथं नका ठेवू. ती मोठ्या मशीनची जागा हाय."

"मोठं मशीन यायचं तेव्हा येईल, सहादू!" ती कडाडली. "अण्णा सत्तरीला आलेत, अजून पंप पाठीवरच आहे त्यांच्या. आणि तो एसी बंद कर आधी. ह्याला लागत नाही."

मग तिनं रेणूचा पहिला अणू पुन्हा भरायला घेतला.