एका पत्त्यावरची कोंबडी

सात रस्त्याजवळ माझं डागी, म्हणजे विणताना खोट राहिलेल्या, चादरींचं दुकान होतं. मंगळवेढ्याहून सोलापुरात आले तेव्हा पाठीवर गठ्ठा घेऊन दारोदार फिरत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर दुकान उभं राहिलं ते माझ्या जिभेवर. घासाघिशीत मला कुणी फसवल्याचं आठवत नाही, एक तो कारखानदार सोडून. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मी माल उचलायला गेले की तीही कारखान्यात यायची. चादरीवर नक्षी उठते ती जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांमुळे. त्यांना भोकं असतात, त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते आणि खाली मोर, फुलं विणली जातात. पोरगी मान वर करून ते बघत बसायची. एकदा तिनं एक कोरा पत्ता मागून घेतला आणि घरी दाभणानं भोकं पाडून त्यावर कोंबडी काढली. तुरा, चोच, पाय, सगळं. पत्ता फरशीवर ठेवून वरून रांगोळी टाकली, पत्ता उचलला, तर खाली कोंबडी.

"आता चादरीवर काढायची," ती म्हणाली.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं चादरी विकत होते, हात लावून सूत ओळखत होते, तरी माझीही समजूत तीच होती, की रांगोळीच्या छापासारखं एका पत्त्यात एक चित्र असतं.

कारखानदाराची घरची भाषा तेलुगू, पण सौद्याची मराठी पक्की.

"अण्णा, एवढा पत्ता मागावर चढवा."

"मागावर ऑर्डरचा माल आहे, अक्का."

"मग कोपऱ्यातला तो ढीग कोण उचलणार? उंदीर?"

त्या ढिगात रंग फुटलेल्या चादरी होत्या. वर्षभर मी त्यांना हात लावला नव्हता.

"सगळा उचलणार?"

"सगळा. पण आज, हिच्यासमोर."

"चालेल की."

हा माणूस पहिल्या बोलीला कधी हो म्हणत नसे.

त्यानं माग थांबवला, माळ सोडून मधे पत्ता बांधला. पोरगी अगदी पुढं उभी. माग सुरू झाला. तिचा पत्ता आला, धोटा एकदा इकडून तिकडे गेला आणि पत्ता पुढं सरकला.

"झालं," तो म्हणाला.

"कोंबडी कुठंय?"

त्यानं चादरीवरचा एक आडवा धागा बोटानं दाखवला. "एका पत्त्याला एकच धागा, बाळ. तुझी कोंबडी ह्यात."

ती वाकली. धाग्यावरून बोट फिरवलं. मग खाली बसून चादरीची उलटी बाजू बघितली.

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?" मी भडकले.

"मला नसेल तर कुणाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"सौदा तुम्ही केला, अक्का. मी पुरा केला."

शेजारच्या मागावरचे दोघे हसले.

"बरं. अख्खी कोंबडी विणायला काय घ्याल?"

"आधी चौकटीच्या कागदावर चित्र बसवायचं, मग एकेका धाग्याला एकेक पत्ता. लई काम आहे. आणि कोंबडीची चादर घेणार कोण?"

"मी घेते."

"एका चादरीसाठी माग बांधत नाही कुणी."

मी ओरडले, मग आवाज उतरवला, शेवटी चक्क विनवलं. निदान हीच चादर विकत द्या म्हणाले. ऑर्डरचे नग मोजलेले असतात, तेही जमेना. द्यायला माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. ढीग तर आधीच कबूल केला होता.

बाहेर पडल्यावर मी त्याला तोंडाला येईल ते बोलत होते. पोरगी माझं बोट धरून चालत होती. मग म्हणाली, "आई, ती चादर ज्यांच्याकडं जाईल, त्यांना सांग हं. त्यात कोंबडी आहे म्हणून."

चादर कुणाच्या घरी जाणार, हे कारखानदारालाही माहीत नव्हतं.

"सांगते," मी म्हणाले.

"कधी?" तिनं विचारलं.