शाळेच्या अंगणातला राब

जगदीश गुरुजी थकले होते, हे सांगायला डॉक्टर नको होता. पायरी चढताना "आई गं" म्हणायचे आणि वर आल्यावर माझ्याकडे बघून उगाच हसायचे. पोशीरच्या पुढची आमची शाळा दोन शिक्षकांची, ते आणि मी. त्यांचा गुडघा गेलेला, आवाज बसलेला, पण नुसतं फळ्यावर शिकवतील तर शपथ! वजाबाकी म्हणजे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडायचे. आकार म्हणजे चिखल मळायचा. किती वाजले हे पुठ्ठ्याच्या घड्याळावर. वर्षानुवर्षं जमवलेल्या या पसाऱ्याने व्हरांड्याचा कोपरा भरलेला. मी चिडायचे. "गुरुजी, मी झाडायचं कुठून?"

"कोपरा सोडून झाडा, नम्रताबाई."

त्या एप्रिलात कर्जतच्या शिक्षण कार्यालयातून त्यांना विचारणा झाली. टेबलाचं काम, डोक्यावर पंखा, पायऱ्या नाहीत. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"जा की गुरुजी," मी म्हटलं. "पोरांना मी बघते."

"बघाल हो तुम्ही. पण काड्यांना हात लावणार नाही." मग स्वतःच मान हलवली. "जाऊ दे. झालं आता माझं." असं म्हणायचे आणि फोन काही करायचे नाहीत. रोज जायचं ठरवायचे, रोज राहायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही.

शुक्रवारी बी रुजवण्याचा उपक्रम होता. प्रशिक्षणात शिकवतात, कपात कापूस घाला, कापसात मूग. गुरुजींना ते कुठलं पटायला! त्यांनी तिसरीच्या पोरांना अंगणात जागा आखून दिली. "घरी भाताच्या रोपासाठी जमीन तयार करता ना, तशी करा," म्हणाले आणि केंद्रशाळेत बैठकीला गेले. त्यांच्या मनात होतं, पोरं खणतील, ढेकळं फोडतील, आल्यावर बी टाकू.

मी पहिली-दुसरीला घेऊन आत होते. धुराचा वास आला. पण एप्रिलात आमच्याकडे शेतोशेत राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजून घेतात, तेव्हा त्या वासाचं कोणाला काय! मी बाराखडी चालूच ठेवली.

बाहेर आले तर काय, अंगणातच राब! खाली शेण, त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ, वाळका पातेरा, वरून मातीचा थर. आग वाऱ्याच्या उलट बाजूनं लावलेली, हळूहळू जळावी म्हणून, अगदी घरी बाप लावतो तशी. काडेपेटी खिचडीच्या चुलीवरची. आणि टहाळ कमी पडला म्हणून व्हरांड्याचा कोपरा लख्ख रिकामा केलेला. काड्यांचे गठ्ठे, घड्याळ, सगळं राबात.

"मेल्यांनो, काय केलंत हे!" मी पोरांना मागे ओढत किंचाळले.

तिसरीतली कोंडी कमरेवर हात ठेवून उभी. "वरडता कशाला बाई? राब नाय भाजला तर रोप कसं येल?"

"आणि गुरुजींचं सामान?"

"ते सुकं व्हतं ना!"

गुरुजी आले तेव्हा नुसता धूर उरला होता. मला वाटलं, आज हा माणूस एकेकाला सोलून काढणार. ते गुडघा धरून खाली बसले आणि राख बघत राहिले.

"माती बरोबर टाकलीत रं," म्हणाले. "कोणी सांगितलं?"

"कोनी नाय. आमीच केलं," कमळ्या म्हणाला.

गुरुजी हसले, पण डोळे भरले होते. मला म्हणाले, "पोरांनी चांगलंच केलंय हो. पण परत एवढं जमवणं माझ्याच्यानं नाही होणार, बाई. खरंच नाही होणार." आणि तिथेच राखेजवळ बसून त्यांनी कर्जतला फोन लावला. "येतो साहेब," एवढंच बोलले.

पोरांना त्यातलं काय कळणार! कमळ्या म्हणाला, "गुरुजी, आता पाऊस पडला का पेरायचं. तुमी असाल ना?"

"नाय रं. मी कर्जतला जातोय. हापिसात."

कोंडीने राबाकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग भाजलं कशाला आमी?"

मला तर रडूच आलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, पाऊसही लागला. एका दुपारी गुरुजी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. हातात भाताचं बी, पँट आधीच गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहरा मात्र एवढा खुलला होता! पोरं "गुरुजी, गुरुजी" करत धावली. वाटलं, आता ओढत चिखलात नेतात त्यांना.

कोंडी वर्गात पळाली. खुर्ची ओढत व्हरांड्यात आणली, फ्रॉकने पुसली. कमळ्याने पाण्याचा तांब्या आणला.

"बसा गुरुजी," कोंडी म्हणाली आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "तुमी आता पाव्हणे. आमी पेरतो."

गुरुजी माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले. मग त्यांनी तांब्या घेतला आणि बसले.