जाळीला कांद्याचा वास

लवळ्यातल्या आमच्या मेसमधल्या चपातीवाल्या मावशी सतत काहीतरी गुणगुणतात. सकाळी खिडकीतून धुकं आत येतं, त्यात पीठ उडतं, आणि त्या ढगात उभ्या असल्यासारख्या वाटतात. कणीक मळायच्या मशीनमध्ये बोटं गेल्यापासून त्या डावा हात पदराखाली ठेवतात. बोटं जाऊ नयेत म्हणून असलेली मशीनवरची जाळी मालकानंच त्याआधी काढून ठेवली होती. अपघाताच्या चौकशीचे साहेब आले, त्या दिवशी ती पुन्हा जागेवर होती.

"जाळी होतीच. हिनंच उचलून हात घातला," मालक म्हणाला.

मी ताट घेऊन तिथंच उभा होतो. मावशी हळूच म्हणाल्या, "सायेब, जाळीचा वास घ्या. वरीसभर तिच्यावर कांदं ठिवतुया आमी."

साहेब वाकले. मग मालकाकडं वळून म्हणाले, "मशीनमध्ये कांदे मळता का?"

मावशींनी गुणगुणत डावा हात पदराबाहेर काढला.