पिल्लांची बाळंतीण

गणेशगुडीच्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात मला काम मिळालं, हे मी आईला सांगितलं ते तिच्याकडे पाठ करून, भाकरी थापता थापता. तोंडावर सांगायची छाती नव्हती. मागच्या पावसाळ्यात आईचं उजवं अंग लुळं पडलं. पाय सुधारला, काठी टेकत ती अंगणभर फिरू लागली, पण हात काही उचलेना. डाव्या हातानं जेवणं तिच्या लेखी महापाप, म्हणून घास मी भरवायचा. वेणी मी घालायची, लुगडं मी नेसवायचं. भाऊ बेळगावला, त्याच्या बायकोचं आणि आईचं घडीभर पटत नाही, आणि माझं लग्न जमलं नाही ते नाहीच. तेव्हा आईचं सगळं मी करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि तरी ठरलेलं होतं.

"जा की," आई म्हणाली. "मी काय धरून ठिवलंया व्हय तुला?"

असं ती म्हणते तेव्हा तिनं अगदी घट्ट धरलेलं असतं. तरीही मी सगळी सोय लावली. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परतायचं, दुपारचा घास शेजारची काकू भरवेल. दसऱ्याच्या सुट्टीत लॉज भरतो, त्याच्या आधी हजर व्हायचं होतं. मी नव्या चपलासुद्धा आणून ठेवल्या.

आणि नेमकी तेव्हाच आमची मांजर बिबट्यानं नेली. आमच्या रानात यात नवल काही नाही, कुत्री जातात, कोंबड्या जातात. पण ही बया नुकतीच व्यालेली होती. गवताच्या माळ्यावरून बारीक किरकिर ऐकू आली म्हणून शिडी लावून चढले, तर तीन पिल्लं. डोळे मिटलेली, आंधळेपणानं एकमेकांच्या अंगाखाली शिरू बघणारी. माणसाच्या मनात आधी दया येत असेल. माझ्या मनात आधी त्या चपला आल्या.

आईनं जन्मभर मांजराला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं. आता मात्र ती खालून काठी आपटायला लागली. "खाली घिऊन ये त्येंना. आई मेल्याली पोरं हाईत, पाप लागंल."

"आणि त्येंचं करनार कोन?"

"तूच की. आनि कोन हाय हितं?"

मी त्यांना खाली आणलं, वेताच्या बुट्टीत जुन्या लुगड्यावर ठेवलं, शेजारी गरम पाण्याची बाटली लावली. आईनं फडताळातून बोंडलं काढायला लावलं. मला आणि भावाला ज्या बोंडल्यानं दूध पाजलं तेच. "पाय लांब करून बस," ती सांगू लागली, "उतानं घे मांडीवर, घशात सोड हळूच." आमच्याकडे लेकरू असंच पाजतात, त्यात चुकीचं ते काय? मी पाय पसरून बसले, पिल्लू उताणं घेतलं, गाईचं दूध सोडलं. ते सगळं नाकातून बाहेर आलं. पिल्लू शिंकलं, गुदमरलं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. केळीच्या बुंध्याशी मी ते पुरलं. एवढ्याशा जिवासाठी मला हुंदका फुटला, आणि आपल्याला हुंदका फुटला याचा त्याहून जास्त राग आला.

रस्त्याच्या वळणावर मोबाइलला रेंज मिळते. तिथं उभी राहून बघितलं तेव्हा कळलं की मांजराचं पिल्लू पालथंच धरून पाजायचं, आईच्या पोटाशी असतं तसं. गाईचं दूध त्याला सोसत नाही, त्यातल्या त्यात शेळीचं बरं. सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब थेंब द्यायचं. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात चिंधी भिजवून बूड पुसायचं, कारण आईनं चाटल्याशिवाय या जातीला मुतताही येत नाही. मला माझ्या नशिबाचं हसू आलं. घरात एक होतं ते कमी पडलं म्हणून देवानं आणखी दोन धाडली.

तिथूनच मी लॉजवर फोन लावला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई धारवाडकडच्या, म्हणून मी कन्नडमध्ये बोलले. घरी सण्ण मरी अदाव्री म्हटलं, घटकाघटकाला हालु, म्हणजे दूध, पाजावं लागतं, थोडे दिवस सांभाळून घ्या. कन्नडमध्ये सण्ण म्हणजे लहान, मरी म्हणजे पिल्लू. पण लाडानं माणसाच्या लेकरालाही मरीच म्हणतात, आणि मांजर हा शब्द मी गडबडीत गाळला होता.

 बाईंनी सावकाश विचारलं, तुमचं लग्न झालं नाही म्हणाला होतात ना? मी म्हटलं, नाहीच झालं. किती आहेत? तीन झाली होती, एक गेलं. "अय्यो देवरे!" बाई हळहळल्या. अंगावरचं पुरतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "बेक्किन मरी, मॅडम! बेक्किन!" मांजराची पिल्लं, म्हणून मी वळणावर उभी राहून ओरडले. वरून येणारा मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला.

बाई खूप हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, दसऱ्याच्या आधीच्या सोमवारपर्यंत वाट बघते, नंतर दुसरी बाई घेईन. मांजरासाठी रजा द्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

ही गोष्ट मी काकूला सांगायला नको होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं शेळीचं दूध मागायला गेले की ती डोक्याला हात लावायची. "अगं बाळतिनी, कानाला फडकं बांध की! वारं लागंल!" तिच्या अंगणात जमलेल्या सगळ्या बायका हसायच्या, मीही हसायचे. पण घरी येताना हसू पुरत नसे. पिल्लांना पाजा, पुसा, बाटलीतलं पाणी बदला. ते होतं न होतं तोवर आईचा घास, आईची वेणी, आणि पुन्हा बुट्टीतून किरकिर. सकाळची बस वळणावर हॉर्न द्यायची तेव्हा मी सिरिंज धरून चुलीपुढं बसलेली असे. जीव नुसता घुसमटायचा. दार सताड उघडं, बाहेर एवढं रान, आणि मला उंबऱ्याबाहेर पडायची सोय नाही.

आई मात्र खुशीत होती. खाटेवरून तिचं चालूच असे. "डोळं तरी उघडू देत की." डोळे उघडले. "आता पायावर तरी हुबी ऱ्हाऊ देत." तीही राहू लागली, लटपटत. ऊब पोटाला लागली की पिल्लू माझ्या तळहातात घुरघुरायचं आणि मी सगळा राग विसरायचे, हेही खरं. सोमवार जवळ आला होता आणि बाईंना काय कळवायचं ते माझं ठरत नव्हतं.

एका दुपारी मी दूध आणायला गेले तर काकू घरात नव्हती. तांब्या दारात भरून ठेवलेला. एरवी मी तिथं तासभर अडकते, त्या दिवशी लगेच परतले आणि मागच्या दारानं आले. आई बुट्टीशी बसली होती. मांडीवर पिल्लू पालथं घेतलेलं, डाव्या हातानं मान सावरलेली आणि उजव्या हातात सिरिंज. हात कापत होता, पण चुकत नव्हता. पाजून झाल्यावर तिनं चिंधी भिजवली, त्याच हातानं पिळली आणि पिल्लाचं बूड पुसलं. "मूत माझ्या राजा," म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. भरवलेला एकेक घास आठवला. मी खाकरले. आईचा हात सर्रकन पदराखाली गेला.

"आलीस व्हय? बघ की, किती रडाय लागल्यात. माझा ह्यो हात तर उचलंना."

"मी सोमवारी जानार हाय, आई."

"मग हेंना कोन पाजनार?"

"आत्ता पाजली त्याच बाईनं पाजायचं."

ती बुट्टीकडं बघत राहिली. पिल्लू तिच्या लुगड्याला नखं रोवून वर चढत होतं, तिनं ते काढलं नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हात बरा झाला म्हनून सांगितलं आसतं, तर तू दुसऱ्याच दिशी गेली आसतीस."

खरं होतं ते.  मी दूध कोमट करायला ठेवलं.

सोमवारी मी बसमध्ये चढले. खिडकी मिळाली, वारं लागत होतं, एवढे दिवस जे हवं होतं ते सगळं होतं. कंडक्टर जवळ आला आणि कुठं जायचं म्हणून त्यानं विचारलं. माझ्या तोंडून, जिथून आत्ताच चढले होते त्या आमच्याच गावाचं नाव निघालं.